बत्तीसच्या पैशात त्रेचाळीस

"आवाज केवढा होतो ह्याचा?" सीमानं विचारलं.

भिंतभर टीव्ही लावले होते आणि सगळ्यांवर एकच निळा समुद्र हलत होता. दुकानाचे मालक राधाकृष्णशेठ तिला चित्राचं कौतुक सांगत होते. हा काळा रंग बघा, कसा गडद आहे. कडेला उभं राहून बघा, फिका पडतो का? सीमाला रंगाशी काही कर्तव्य नव्हतं.

"आवाज मोठा पाहिजे. आणि रिमोट सोपा पाहिजे. अडाणी माणसाला जमला पाहिजे."

"कोणासाठी घेताय?"

"सासूबाईंसाठी. खुब्याचं ऑपरेशन झालंय. दिवसभर घरात एकट्याच असतात."

शेठनी हातातलं फडकं काउंटरवर ठेवलं आणि तिच्याकडे नीट बघितलं. "ताई, इतकी वर्षं दुकान चालवतोय. लोकं मॅचसाठी घेतात, लेकीच्या लग्नात द्यायला घेतात, पोरं रडतात म्हणून घेतात. सासूसाठी टीव्ही घ्यायला आलेली सून आज पहिल्यांदा बघतोय."

सीमा कसनुसं हसली. शेठ तिला दुकानाच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. तिथं एक मोठा टीव्ही एकटाच लावलेला होता.

"हा त्रेचाळीस इंचाचा. दिवाळीपासून लोकांना दाखवायला लावलेला आहे. खोकं नाही ह्याचं, आणि खाली कडेला हा बारीक चरा आहे, बघा. चित्रात काही खोट नाही. वॉरंटी पूर्ण देतो. आता नवा माल येतोय, हा मला काढायचाच आहे. तुम्ही बत्तीसच्या पैशात घेऊन जा."

महिनाभर सीमा टीव्ही बघत होती. नगरात सावेडीतली दुकानं झाली, माळीवाड्याकडची झाली, जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवरच्या ऑफर बघून झाल्या. कुठं कंपनी बरी तर भाव जास्त, कुठं भाव बरा तर आवाज चिरका. बत्तीसच्या पैशात त्रेचाळीस कुणी दिला नव्हता. तरी सवयीनं ती म्हणाली, "भिंतीवरचं स्टँड त्यातच धरा मग."

"धरलं. तुमच्या सासूबाईंच्या नावानं."

ती एक शब्दही खोटं बोलली नव्हती. तरी पावती घेताना तिला शेठच्या तोंडाकडे बघवेना.

सीमा नागापूरच्या एमआयडीसीत पॅकिंगला होती. गाड्यांचे रबरी पार्ट पिशवीत भरायचे, पिशवी सील करायची, खोक्यात टाकायची, आणि हे सगळं उभ्यानं. शेडला लागूनच कंप्रेसर होते, ते दिवसभर धडधडत. शेजारच्या बाईशी बोलायचं तर तिच्या कानाशी तोंड न्यावं लागे. सुट्टी झाली, रस्त्यावर आलं, तरी ती धडधड बराच वेळ कानांत चालूच राही. घरी जावं, कपभर चहा घ्यावा, भिंतीला पाठ टेकावी आणि कुणी एक अक्षर बोलू नये, एवढंच तिला हवं असे.

आधी तसं होतही असे. नवरा प्रशांत त्याच एमआयडीसीत फिटर होता, त्याची शिफ्ट बदलती. मुलगी प्रज्ञा नर्सिंग शिकायला पुण्याला. संध्याकाळी घर रिकामं असे आणि चहाचा तो कप तिचा एकटीचा असे. मग भिमाबाई आल्या.

श्रीगोंद्याकडच्या त्यांच्या गावात ओट्यावरून उतरताना त्या पडल्या. ऑपरेशन नगरला झालं, आणि त्यानंतर त्यांना गावी एकटं ठेवणं शक्यच नव्हतं. म्हातारी वाईट नव्हती. अमुक पाहिजे म्हणत नसे, सुनेच्या भाजीला नाव ठेवत नसे, दुखलं तरी कण्हत नसे. फक्त बोलत असे. जन्म सगळा लोकांच्या उसात खुरपण्यात गेलेला. चार बायका शेजारी शेजारी बसून खुरपत पुढं सरकायच्या, आणि हात जेवढा चाले तेवढंच तोंड चाले. संध्याकाळी ओट्यावर बसलं की येणारा-जाणारा थांबायचा. नागापूरच्या दोन खोल्यांत त्यांच्याशी बोलायला कुणी नव्हतं. शेजारणीही कंपनीत जाणाऱ्या. त्यामुळे दिवसभराचं सगळं बोलणं त्या साठवून ठेवत आणि सीमानं दार लोटलं की सुरू होत.

"आली का गं सीमे? आज भंगारवाला आल्ता, त्याचा आवाज ऐकला आन् मला वाटलं आमच्या गावचा दगडूच आला. दगडू तुला म्हाईत न्हाई. त्याच्या बायकूनं एकदा काय केलं..."

दगडूच्या बायकोवरून बोलणं फिरत फिरत छबूवर येई. छबूबाई ही त्यांची धाकटी बहीण, घोडेगावला दिलेली. आई लवकर गेली तेव्हा भिमाबाईंनीच तिला कडेवर वागवलेलं होतं. छबीला भात कसा आवडायचा, छबी लग्नात कशी रडली, छबीच्या नवऱ्यानं बैल बाजारात कसा फसून आंधळा बैल घेतला. सीमा पातेल्यात पाणी ओतता ओतता "हो का", "बरं", "मग" म्हणत राही. कानांत कंप्रेसर आणि त्यावर छबूबाईंचा आंधळा बैल.

एकदा असंच झालं. कंपनीत माल परत आला होता म्हणून सुपरवायझर सगळ्यांवर ओरडला होता. सीमा घरी आली तर भिमाबाई दारातच वॉकर धरून उभ्या.

"सीमे, छबी सपनात आल्ती. म्हनली, आक्का, तू..."

"आत्या, जरा गप बसता का? डोकं फुटायची वेळ आलीय माझी!"

भिमाबाईंचं तोंड तसंच उघडं राहिलं. मग त्यांनी वॉकर वळवला, आत गेल्या आणि कॉटवर बसल्या. जेवताना त्या एवढंच म्हणाल्या, "भाजी चांगली झाली." सीमानं ताट अर्ध्यावरच सरकवलं. पण खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी घर शांत होतं, आणि ती शांतता तिला आवडली होती.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगच्या टेबलावर शेजारची बाई तिच्या कानात ओरडून म्हणाली, "टीव्ही लावून दे गं एक. माझ्या सासूला दिलाय, ती आता मला ओळखत पण नाही!" दोघी हसल्या. त्याच सुट्टीत सीमानं मोबाईलवर टीव्हीचे भाव बघायला घेतले.

टीव्ही रविवारी बसवला. प्रशांतनं भिंतीला भोकं पाडली, शेजारचे दोघं धरायला आले. टीव्ही लागला तेव्हा भिमाबाईंनी आधी हात जोडले, मग पदर तोंडाला लावून हसल्या. "आगं बया, केवढाली मानसं! घरात मावंनात की!"

"आजी, आता मजा आहे तुझी," प्रज्ञा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर ओरडली.

"केवढ्याला?" शेजाऱ्यांनी विचारलं.

"बत्तीसच्या पैशात त्रेचाळीस," प्रशांत अभिमानानं म्हणाला. "हिनं आणला. मला असं जमलं नसतं. आईसाठी महिनाभर दुकानं पालथी घातली तिनं."

सगळे सीमाकडे बघायला लागले. ती चहा ओतत होती, तिनं मान वर केली नाही.

सगळे गेल्यावर ती रिमोट घेऊन भिमाबाईंच्या शेजारी बसली. "हे लाल दाबलं की चालू. ह्यानं आवाज वाढतो, ह्यानं कमी. आणि हे दाबत गेलं की चॅनल बदलत जातं. दाबा बघू."

भिमाबाईंनी दाबलं. बातम्या लागल्या. गुलाबी कोटातली एक बाई सरळ त्यांच्याकडे बघून बोलत होती.

"सीमे," भिमाबाई पडद्यावरून नजर काढून म्हणाल्या, "अश्विनीचा फोन आल्ता काल. छबीची सून. मला एकदा घोडेगावला..."

"हो हो, जाऊ. जाऊ आपण," सीमा म्हणाली. "आधी हे शिकून घ्या. आवाज वाढवा बरं."

भिमाबाईंनी आवाज वाढवला.

त्यानंतर सीमाला हवं होतं तसं सगळं झालं. ती घरी आली की भिमाबाई कॉटवर बसलेल्या असत, नजर टीव्हीकडे. "आली का?" एवढंच म्हणत. सीमा चहा करून एक कप त्यांच्या हातात देई आणि आपला कप घेऊन आतल्या खोलीत भिंतीला पाठ टेकून बसे. टीव्हीचा आवाज येत राही, पण त्या आवाजाला उत्तर द्यावं लागत नसे. "हो का", "बरं", "मग" म्हणावं लागत नसे. कधी तिचा डोळाही लागे. कंपनीत तिनं चार बायकांना शेठच्या दुकानाचा पत्ता दिला. त्यातली एक म्हणाली, "सासूची एवढी काळजी घेतेस, नशीबवान आहे म्हातारी." सीमा पुढची पिशवी सील करायला वळली.

असं नाही की तिला कळत नव्हतं. चहा देताना कधी वाटे, दोन मिनिटं बसावं. पण बसलं की सुरू होईल, आणि सुरू झालं की थांबायचं नाही. उद्या बसू, असं म्हणून ती आत जाई. भिमाबाईंनीही कधी थांबवलं नाही.

एका दुपारी कंपनीतला ट्रान्सफॉर्मर उडाला. लाइन बंद पडली आणि बायकांना लवकर सोडलं. सीमा घराजवळ आली तेव्हा आतून बोलण्याचा आवाज येत होता. कोण आलंय म्हणून ती दारातच थांबली. दार नुसतं लोटलेलं होतं.

"...न्हाई, बरं हाय माझं," भिमाबाई म्हणत होत्या. "पाय दुखतो, पन चालायचंच. तुझं चालू दे बाई. तू दिसभर बोलती, तुझा घसा न्हाई का बसत?"

टीव्हीवर बातम्यांची बाई धरणातल्या पाण्याविषयी सांगत होती.

"माझी छबी हाय घोडेगावला. धाकटी. तिला लई बरं न्हाई. जेवत न्हाई म्हनं. अश्विनी म्हनती, मावशी, येऊन जा, सारखी तुमचं नाव घेत्यात. आता मी कशी जाऊ? मला उचलून का कोनी नेनार हाय? सुनेला सांगितलं एकदा. ती म्हनली जाऊ. पन दमती गं ती लई. उभ्यानं काम आसतं. घरी आली की तिचं त्वांड बघवत न्हाई, आसं झालेलं आसतं. तिला परत परत काय सांगायचं? म्हनून तुला सांगते. छबीला भाताची पेज द्यायला पायजे. लहानपनी ताप आला की मी तिला पेज द्यायची, दुसरं काई पोटात टिकायचं न्हाई तिच्या. हे अश्विनीला म्हाईत नसनार..."

सीमा पायातली चप्पल न काढता उभी होती. आत शिरावं की मागं फिरावं तिला कळेना. शेवटी तिनं मुद्दाम कडी वाजवली.

भिमाबाई दचकल्या. चोरी पकडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. त्यांनी पटकन आवाज कमी केला. रिमोट आता त्यांना छान जमत होता.

"लवकर आली?"

"आत्या, छबूमावशींना बरं नाही?"

"न्हाई जरा. म्हातारपन हाय."

"मला का नाही सांगितलं?"

भिमाबाईंनी तिच्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, म्हणून सीमाला ते जास्त लागलं. "सांगितलं हुतं की," त्या म्हणाल्या. "तू म्हनली, जाऊ."

"येत्या रविवारी जाऊ," सीमा म्हणाली. "नक्की. यांच्या मित्राची, चेतनची ओम्नी आहे, ती मागून घेऊ. तासाभराचा तर रस्ता आहे."

"जाऊ," भिमाबाई म्हणाल्या, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा मोकळ्या हसल्या. त्या आठवड्यात त्यांनी सीमाकडून पांढरं लुगडं धुऊन घेतलं, घडी घालून उशाशी ठेवलं. छबीसाठी पेजेचे तांदूळ बांधून घेतले. शनिवारी तर टीव्ही लावलाच नाही.

शनिवारी संध्याकाळीच सीमाला सुपरवायझरचा फोन आला. पुन्हा माल परत आला होता, तो सोमवारी जायचा होता. रविवारी कामावर येणाऱ्याला दुप्पट हजेरी.

सीमा नाही म्हणू शकली असती. तिच्या ओळीतल्या दोघींनी नाही म्हटलं, त्यांना कुणी काही केलं नाही. हे तिला नंतर बरेच दिवस आठवत राहिलं. त्या वेळी ती फोन हातात धरून भिमाबाईंच्या कॉटपाशी आली आणि म्हणाली, "आत्या, कंपनीत अडचण झालीय." पुढचं ती बोललीच नाही. भिमाबाईंनीच ते बोलावं म्हणून थांबली.

"मग जा की," भिमाबाई म्हणाल्या. "म्होरल्या रविवारी जाऊ. छबी कुठं पळून जाती?"

प्रशांत म्हणाला, "मी एकटा घेऊन जातो आईला." पण भिमाबाईंना उठवायचं, बसवायचं, लघवीला न्यायचं, हे बाईशिवाय होत नव्हतं. पुढच्या रविवारचं ठरलं. सीमानं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वासही तिला नंतर आठवला.

शुक्रवारी सकाळी ती डबा भरत असताना अश्विनीचा फोन आला. भिमाबाईंच्या छोट्या मोबाईलवर नव्हे, प्रशांतच्या.

चेतनची ओम्नी आली. सीमानं भिमाबाईंना पांढरं लुगडं नेसवलं. त्या रडल्या नाहीत. फक्त गाडीत बसताना म्हणाल्या, "तांदूळ घेऊ नको आता." घाईत वॉकर घरीच राहिला.

शेंडी गावापासून पुढं रस्ता मोकळा होता. इमामपूरचा घाट ओलांडून गाडी पांढरीपुलावरून गेली. सीमा घड्याळाकडे बघत होती. तासही लागला नाही. एवढंच अंतर होतं.

घोडेगावात बाजाराचा दिवस होता. गुरांचे टेम्पो रस्त्याला लागले होते, त्यातून वाट काढत गाडी वस्तीत आली. छबूबाईंना अंगणात घेतलं होतं. उशाशी मेणबत्त्या लावल्या होत्या. बहीण यायची म्हणून थांबवलं होतं. प्रशांत आणि सीमानं भिमाबाईंना दोन्ही बाजूंनी धरून नेलं आणि शेजारी खुर्ची मांडून बसवलं. पण भिमाबाईंना खुर्ची नको होती. पाय वाकत नव्हता, तरी त्या खाली बसल्या, एक पाय लांब करून. छबूबाईंच्या कपाळावरचे पांढरे केस त्यांनी मागं सारले.

"आले गं छबे," त्या म्हणाल्या. "आले बरं."

सीमाला वाटलं होतं, आता त्या बोलत सुटतील. दगडू, भात, ताप, आंधळा बैल, सगळं काढतील. पण त्या नुसत्या केसांवरून हात फिरवत राहिल्या.

बुद्धवंदना झाली, नेलं. पुरुष परत यायचे होते, बायका अंगणात बसून राहिल्या. अश्विनी रडून रडून थकली होती. तीच म्हणाली, "मावशी, दोन दिवस त्यांनी कॉट दाराकडं तोंड करून ठेवायला लावली. गाडी वाजली की मान उचलायच्या. आक्का आली का बघ, म्हणायच्या."

एक म्हातारी म्हणाली, "लई वाट बघितली गं तुझी भिमे. एवढ्या जवळ आसून तू का न्हाई आली?"

सगळ्या भिमाबाईंकडे बघायला लागल्या. सीमा अश्विनीच्या मागं बसली होती. तिला वाटलं, सांगू दे. सगळ्यांसमोर सांगू दे. एकदाचं होऊन जाऊ दे.

"माझाच पाय गं," भिमाबाई म्हणाल्या. "गाडीत बसायचं म्हनलं की जीव घाबरा हुतो माझा. सून तर कवाची म्हनती, चला आत्या, चला आत्या. मीच न्हाई म्हनले." मग हात लांब करून त्यांनी सीमाकडे दाखवलं. "ही बसली ना, ती. सून न्हाई, लेक हाय माझी. मला घरात करमत न्हाई म्हनून एवढाला टीव्ही आनलाय तिनं. भिंतीएवढा. कोन आनतं का सासूसाठी?"

"न्हाई गं बाई, कोन आनतंय," म्हातारी म्हणाली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. अश्विनीनं मागं वळून भरल्या डोळ्यांनी सीमाकडे बघितलं आणि तिचा हात हातात घेतला. सीमाला हात सोडवून घ्यावासा वाटला, पण घेता आला नाही. तिच्या तोंडाशी शब्द आले होते. पण आता बोललं तर भिमाबाई खोट्या पडतात, चारचौघींत, बहिणीच्या अंगणात. ती मान खाली घालून बसून राहिली, आणि बायकांना वाटलं, मावससासूसाठी रडतेय.

परतताना ऊन उतरलं होतं. प्रशांत गाडी चालवत होता. सीमा भिमाबाईंशेजारी मागं बसली होती. गाव मागं पडल्यावर तिनं विचारलं, "आत्या, तिथं तसं का सांगितलं?"

"कसं?"

"तुम्हीच नाही म्हणालात असं. मी तुम्हाला कधी चला म्हणाले?"

भिमाबाई खिडकीबाहेर बघत होत्या. उसाची एक ट्रॉली समोरून आली, गेली.

"मग काय सांगायचं हुतं?" त्या म्हणाल्या. "छबी गेली. आता मला तुझ्याच घरी ऱ्हायाचंय."

आवाजात काही नव्हतं. बाजारात भाव सांगावा तसं त्यांनी ते सांगितलं. प्रशांतनं आरशातून एकदा मागं बघितलं आणि परत रस्त्याकडे नजर लावली. सीमाला वाटत होतं की आपण माफी मागावी आणि त्यांनी असू दे म्हणावं. त्या असू दे म्हणतील हेही तिला माहीत होतं. त्यांना म्हणावंच लागलं असतं. म्हणून तिनं मागितली नाही.

पांढरीपुलावर प्रशांतनं गाडी बाजूला घेतली. "चहा घेऊ. आईनं सकाळपासून काही घेतलं नाही."

"मला जरा मागं जायचंय," भिमाबाई हळूच म्हणाल्या.

संडास हॉटेलाच्या मागं होता. मधे सगळी खडी पसरलेली, आणि त्यावर आडवेतिडवे ट्रक उभे. वॉकर नव्हता. सीमा खाली उतरली, दार धरून वाकली. भिमाबाईंनी आधी सीटच्या कडेला धरलं, मग दाराला, आणि मग धरायला काही उरलं नाही तेव्हा सीमाच्या खांद्यावर हात ठेवला. सगळा भार त्या एका हातावर आला. इतक्या महिन्यांत सीमानं त्यांना आंघोळ घातली होती, लुगडं नेसवलं होतं, पण त्या एवढ्या जड असतील असं तिला कधी वाटलं नव्हतं.

दोघी खडीवरून निघाल्या. एक पाऊल टाकायचं, थांबायचं, दुसरं ओढून घ्यायचं. एका ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. सीमानं हात वर करून त्याला थांबवलं.

"छबी लई भरभर चालायची," भिमाबाई म्हणाल्या.

सीमाला विचारायचं होतं, कशी चालायची, कुठं जाताना, सांगा ना. पण भिमाबाईंनी तोंड मिटून घेतलं होतं आणि त्या पुढची जागा बघून पाय टाकत होत्या. सीमानं आपली पावलं आणखी बारीक केली.

ट्रकवाला इंजिन चालू ठेवून थांबला होता. त्याच्यासमोरून त्या दोघी हळूहळू पलीकडे गेल्या.